पक्की नोकरी की एजन्सीची? श्रम विभागाला खुले पत्र

प्रति,
माननीय श्रममंत्री आणि श्रमायुक्त,
मध्य प्रदेश शासन

विषय : कमी पगाराची कायम नोकरी आणि एजन्सीची तात्पुरती नोकरी, दोन्हीकडे कायद्याने ठरलेले हक्क मिळवून देण्याबाबत

महोदय,

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात आणि महाराज बाड्याभोवतीच्या घरांत सध्या एका प्रश्नावर रोज वाद होतो. शिक्षण आटोपलेल्या मुलाने दुकानात कमी पगारावर कायम राहावे, की एजन्सीमार्फत एखाद्या इस्पितळात, कार्यालयात दोन पैसे जास्त घेऊन तात्पुरते लागावे? आईवडील म्हणतात, "पक्कं आहे ते सोडू नकोस." मुले विचारतात, "पक्कं आहे याचा कागद कुठे आहे?" दोघांचेही म्हणणे खरे आहे.

कायम नोकरीवर आमची श्रद्धा का, हे सांगायला हवे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ग्वाल्हेरचा हा लष्कर भाग उभा राहिला आणि अनेक मराठी घरे दरबारच्या चाकरीमुळे इथे स्थिरावली. पुढे बिर्लानगरच्या जे. सी. मिलनेही या शहरातल्या हजारो चुली पेटत्या ठेवल्या. ती बंद पडली तेव्हा कायम नोकरीही हातातून जाऊ शकते, हे शहराने पाहिले. इंदूरची हुकुमचंद मिलही डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली. तिथल्या सुमारे 4,800 कामगारांचे 224 कोटी रुपये मोकळे झाले 25 डिसेंबर 2023 ला. म्हणजे कायम कामगारांनाही हक्काच्या पैशासाठी बत्तीस वर्षे थांबावे लागले. तेव्हा कायम ते सगळे चांगले, असा माझा दावा नाही.

आता हिशेब पाहू. राज्याने 1 एप्रिल 2024 पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा 11,800 रुपये ठरवले. मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्याला स्थगिती दिली, ती डिसेंबरमध्ये उठली. हाच आकडा धरला, तर भविष्यनिधीसाठी कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,416 रुपये कापले जातात आणि तेवढेच मालकाने घालायचे असतात. दोन्ही मिळून वर्षाला जवळपास 34,000 रुपये त्याच्या भविष्यनिधीत आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यात जमा व्हायला हवेत. शिवाय पगाराच्या पाऊण टक्क्यात कर्मचारी राज्य विम्याखाली घरच्यांना औषधोपचार मिळतात.

हे सारे एजन्सीच्या मुलाला लागू आहे, कारण एजन्सीकडे सहसा वीसपेक्षा जास्त माणसे असतात. चार-पाच माणसांच्या दुकानाला मात्र ना भविष्यनिधीचे बंधन, ना राज्य विम्याचे. म्हणजे कागदावर पाहिले तर तात्पुरता मुलगा कायम मुलापेक्षा जास्त सुरक्षित ठरतो!

प्रत्यक्षात तसे होत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या पगारातून भविष्यनिधीची रक्कम महिनोन्महिने कापली जात होती आणि खात्यात एक रुपयाही जमा झालेला नव्हता. जिथे ती काम करत होती तिथले अधिकारी म्हणाले, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, वरून बिल निघाले नाही. शिवाय निविदा बदलली की ठेकेदार बदलतो. मुलगी त्याच खुर्चीवर तेच काम करते, पण तिची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे लागतात. 11,800 रुपयांवर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 34,000 रुपये होते. मालक कागदावर बदलत राहिला की ती कधीच हाती येत नाही.

दुकानातल्या मुलाची अडचण वेगळी आहे. किमान वेतन त्यालाही लागू आहे, पण ते मागितले तर "उद्यापासून येऊ नकोस" एवढेच ऐकावे लागते. नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, त्यामुळे तो तिथे कामाला होता हेही सिद्ध करता येत नाही. लहान दुकानदाराची ओढाताण मला दिसते, रोज दिसते. तरी त्याचा भार दुकानातल्या सर्वांत कमी मिळवणाऱ्याने उचलावा, हे मान्य करता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पगार हवा की शाश्वती, अशी निवड आमच्या मुलांपुढे ठेवणारा कायदा या देशात नाही. किमान पगार आणि किमान संरक्षण दोन्हीकडे मिळायला हवे. कायद्यात जेवढे आहे तेवढेही मिळत नाही, कारण कायदा बजावून घेतला जात नाही, आणि ते काम आपल्या विभागाचे आहे.

सरकारी कार्यालयेही याला अपवाद नाहीत. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना 2018 मध्ये काढून टाकले गेले. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला आणि कायमची कामे बाहेरच्या एजन्सीवर ढकलण्याच्या सरकारी रीतीवर कडक ताशेरे ओढले. महाराष्ट्रात सप्टेंबर 2023 मध्ये नऊ एजन्सींमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला. तरुणांनी एवढा विरोध केला की दीड महिन्यात तो मागे घ्यावा लागला. मनात आणले तर सरकारला मागे फिरता येते, हे यावरून दिसते.

माझ्या मागण्या चार आहेत.

एक, ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक कामगाराच्या नावाने भविष्यनिधी आणि राज्य विमा भरल्याची खात्री कार्यालयाने करावी. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने द्यावे, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या श्रमसंहितांतही आहे. सुरुवात सरकारी कार्यालयांपासून करा.

दोन, ठेकेदार बदलला तरी माणूस तोच असेल, तर त्याची सेवा सलग धरण्याची अट निविदेतच घाला.

तीन, 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार पगाराची पावती द्यायची असते आणि त्यातून लहान दुकान सुटत नाही. लष्करच्या बाजारात शिबिरे घेऊन दुकानदारांना साधे नमुने द्या, पगार बँकेतून द्यायला सांगा, आणि मग तपासणी करा. नेमणूकपत्रही प्रत्येक दुकानातून मिळेल असे पाहा.

चार, जे काम बारा महिने चालते, त्यासाठी पद निर्माण करा. इस्पितळाची सफाई किंवा कार्यालयातली नोंदणी ही काही हंगामी कामे नाहीत.

यांतली एकही मागणी तिजोरी रिकामी करणारी नाही. पहिल्या तीन तर आपल्या सहीने सुरू होऊ शकतात. कोणत्या मागणीवर कधीपासून काम सुरू होईल आणि त्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर असेल, हे आपण जाहीरपणे सांगावे.

आपला,
पाटणकर बाजार, लष्कर, ग्वाल्हेर येथील एक रहिवासी