उधारीचे व्याज कोणी भरायचे?

भोसरीचा वा सातपूरचा लघुउद्योजक माल वेळेवर पोहोचवतो. त्याचे देयक मात्र बड्या खरेदीदाराच्या लेखा विभागात तीन-तीन महिने पडून राहते. कामगारांचे वेतन, वीजबिल आणि बँकेचा हप्ता तोवर थांबत नाहीत. अशा वेळी देयकच वित्तसंस्थेला विकून रोकड उभी करावी, असा सल्ला त्याला दिला जातो. या ‘फॅक्टरिंग’चे सध्या मोठे गोडवे गायले जातात.

या मार्गात गैर काहीच नाही. मुदती हुंडी वटवणाऱ्या आपल्या पेढ्यांचे तत्त्व याहून फार निराळे नव्हते. २०११ मध्ये फॅक्टरिंगचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने हे क्षेत्र अधिक बँकेतर वित्तसंस्थांना खुले झाले. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने ‘ट्रेड्स’ मंच उभे राहिले. तेथे देयकावर वित्तसंस्था बोली लावतात आणि खरेदीदाराने पैसे थकवले तरी विक्रेत्याकडे वसुली होत नाही.

परंतु मेख वेगळीच आहे. समजा, देयक १० लाखांचे, मुदत ९० दिवसांची आणि दर वार्षिक १० टक्के. कसर होते सुमारे २५ हजार रुपये. उधारी खरेदीदाराची आणि भुर्दंड विक्रेत्याला, हा कुठला न्याय?

वस्तुतः २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत. अन्यथा बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण ते मागणार कोण? दावा लावला की पुढची ऑर्डर हातची गेलीच! २०१८ मध्ये ५०० कोटींहून अधिक आणि २०२४ मध्ये २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’वर नोंदणी सक्तीची झाली. मात्र खरेदीदाराने मान्यता दिल्याखेरीज देयकाला वित्त मिळत नाही आणि त्या मान्यतेची सक्ती या अधिसूचनांनी केली नाही. नोंदणी झाली, कागद रंगला. कारखानदार होता तिथेच राहिला.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. माल स्वीकारल्यावर देयकाची मान्यता ठरावीक दिवसांत बंधनकारक व्हावी आणि वटणावळ खरेदीदाराने सोसावी. ‘ट्रेड्स’च्या नियमांत खरेदीदाराने हा भार उचलण्यास आडकाठी नाहीच, अभाव आहे तो इच्छाशक्तीचा. सार्वजनिक उपक्रमांनी येथे आधी पायंडा पाडावा. लघुउद्योजकाला दया नको आहे, त्याला घामाचे दाम वेळेवर हवे आहे. स्वदेशी उद्योगाचा गौरव करणाऱ्या व्यवस्थेला एवढेही जमू नये काय?