सुट्टी, सहल आणि चौदा वर्षांची लेक

मैत्रिणींनो, फराळाचे डबे निम्मे रिकामे झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले, की घरात हमखास एक विषय निघतो. "यंदा सुट्टीत कुठं जायचं?" मुलं लहान होती तोवर त्याचं उत्तर सोपं होतं. मामाचं गाव, गणपतीपुळे, फार तर महाबळेश्वर. पण थोरलं मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं, की हे उत्तर चालेनासं होतं. बाकीचे सगळे एकमतानं काही ठरवतात आणि ही कोपऱ्यातून म्हणते, "तुम्ही जा, मी थांबते घरी."

अशाच एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "यंदा प्रथमच मुलांना खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचं ठरवलं आहे. वर्षभर भिशीतून पैसे साठवले. पण लेक नववीत आहे, तिचं तोंड सदाचं फुगलेलं. एवढा खर्च करायचा आणि तिनं मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसायचं, असं झालं तर?" प्रश्न एकटीचा नाही, म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहिते. मागच्याच वर्षी आम्हीही चौदा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशा लवाजम्यासह तिथं जाऊन आलो. शिवाय शाळेत आठवी-नववीच्या वर्गांवर अर्धवेळ शिकवते, त्यामुळे या वयाची फुगलेली तोंडं रोज समोर असतात.

पहिली गोष्ट ही, की या वयातल्या मुलांना सहल नको असते असं नाही. आपल्याला धरून, बोट पकडून नेलेलं त्यांना नको असतं. तिकीट बाबांनी काढायचं, वेळ आईनं ठरवायची, कपडेसुद्धा आईनंच काढून ठेवायचे, मग तिनं उत्साह कुठून आणायचा? तेव्हा थोडी सूत्रं तिच्या हाती द्या. पण लुटुपुटीची नव्हेत, खरी. आमच्याकडे ह्यांनी एक वही लेकीच्या पुढ्यात ठेवली आणि सांगितलं, "एवढे पैसे आहेत. यात पाच माणसांचा दिवस बसवून दाखव." ती वही पुढे तीन दिवस तिच्या हातातून सुटली नाही.

त्या वहीत पाच खाती पाडावीत: तिकिटं, प्रवास, मुक्काम, खाणंपिणं आणि अडीअडचण. तिकिटाचे दर वार आणि हंगाम पाहून बदलतात, म्हणून कुणाच्या सांगण्यावर न जाता जायचा दिवस घालून उद्यानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावेत आणि करासह एकूण रक्कम किती होते तीच वहीत मांडावी. तिथं खेळांचं उद्यान, पाण्याचं उद्यान आणि बर्फाचं दालन असे निरनिराळे विभाग आहेत. 2013 साली खेळांचं उद्यान सुरू झालं, मग 2014 मध्ये पाण्याचं आणि 2016 मध्ये बर्फाचं. एका तिकिटात काय काय येतं ते नीट वाचा. खेळांचं आणि पाण्याचं उद्यान एकाच दिवशी उरकायचा हट्ट धरू नका. दोन्हींचे पैसे जातात आणि समाधान एकाचंही मिळत नाही. रांग टाळण्यासाठी जास्तीचं तिकीट मिळतं. नेहमीच्या वारी गेलात तर त्याची फारशी गरज पडत नाही.

दिवस कोणता निवडावा? शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी शक्यतो टाळावी. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे मंगळवार-बुधवार बरे. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते, पण तेव्हा शाळांच्या सहलींच्या बसेस ओळीनं येतात हे मी शिक्षिका म्हणून सांगते. मे महिन्यात खोपोलीच्या पायथ्याला उकाडा असह्य होतो. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो खरा, पण तिकडचा पाऊस म्हणजे धो-धो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे मोठे खेळ थांबवावेच लागतात.

जायला रस्ता सोपा आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरून खोपोलीला उतरायचं आणि पालीच्या रस्त्याला लागायचं. मुंबईकडच्यांना खोपोलीपर्यंत लोकल आहे. पुण्याकडून येताना बोरघाट लागतो, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटीही नको आणि भरल्या पोटीही नको. इडली किंवा पोहे असं हलकं काही खावं आणि पुढे बसून लांबवर नजर ठेवावी. गाडी लागते ती का, तर कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हललो आणि डोळे मात्र मोबाईलच्या पडद्यावर खिळलेले असतात. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत, मग पोट तक्रार करतं. उद्यानात पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांचे जे खेळ असतात, तिथंही नेमकं हेच होतं. मळमळू लागलं तर सरळ डोळे मिटून घ्यावेत, बरंच बरं वाटतं.

आता खेळांविषयी. निघण्यापूर्वी घरातच मुलांची उंची मोजा. वय सांगून तिथं काही चालत नाही, खेळाच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. आमच्या धाकट्याला कोणत्या खेळात बसता येणार नाही हे लेकीनं आधीच शोधून त्याला समजावलं, त्यामुळे ऐन रांगेत रडारड झाली नाही. 'नायट्रो' नावाचा मोठा पाळणा म्हणजे या वयाच्या मुलांचं दैवत. सुमारे 40 मीटर उंचीवर नेतात, सुटताना पायाखालची फळीच काढून घेतलेली असते आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो! तुमची लेक नववीत असेल तर तिला विचारा, एकदा वर ओढून नेल्यावर पुढे तो कशावर धावतो? पहिली चढण सर्वांत उंच का असते? उंचीवर साठवलेली ऊर्जा वेगात बदलते आणि घर्षणानं थोडी थोडी खर्च होते, हा विज्ञानाच्या पुस्तकातलाच धडा आहे. 'राजासॉरस' नावाची होडीची सफर आहे. ते नाव कुणी मनानं रचलेलं नाही बरं का! राजासॉरस हा खराखुरा डायनॉसोर. त्याचे अवशेष गुजरातेत नर्मदेच्या परिसरात, खेडा जिल्ह्यात मिळाले आणि 2003 साली त्याला हे नाव दिलं गेलं. धाकट्यांना आधी सांगून ठेवा, होडीत बसल्यावर मोठ्या ऐटीत इतरांना ऐकवतात.

रक्तदाब, हृदयविकार, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि दिवस गेलेल्या बायकांनी मोठ्या पाळण्यांच्या वाटेला जाऊ नये. "एकदा बसून तर बघ" म्हणणारे नातेवाईक बरोबर असतातच, त्यांचं ऐकू नये. आणि हाच नियम मुलांनाही लावा. लेक ऐनवेळी "मला भीती वाटते" म्हणाली, तर "पैसे भरलेत ना!" हे वाक्य तोंडातून काढू नका. भित्रेपणाबद्दल चारचौघांत चेष्टा झाली, तर या वयाची मुलं पुढचे सहा महिने ती विसरत नाहीत.

आता थोडं नाजूक, पण बोललंच पाहिजे असं. मुलगी वयात आलेली असते आणि सहलीची तारीख नेमकी तिच्या तारखेवर येते. बुकिंग करण्याआधीच तिला बाजूला घेऊन विचारा. पुढे-मागे करता येत असेल तर करा, पण पाळी लांबवायच्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून मुलीला मुळीच देऊ नका, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. तारीख आलीच तर पाण्याचं उद्यान वगळून खेळांचं ठेवा. पिशवीत दोन जास्तीचे पॅड, गडद रंगाची सलवार आणि एक कागदी पिशवी टाकली की ती निश्चिंत. पाण्याच्या उद्यानात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. तो तिथं भाड्यानं मिळतो, पण दुसऱ्याचा पोशाख अंगावर चढवायला मुली लाजतात. इकडून जाताना पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा असा तिच्या पसंतीचा घेऊन द्या. कित्येकदा "मला नाही यायचं" या हट्टाच्या मागे हेच कारण असतं आणि ते वडिलांसमोर सांगता येत नाही म्हणून ती तोंड फुगवते. माझ्या वर्गातल्या मुलींकडून हे मी किती वेळा ऐकलं असेल!

तिला एकटीला फिरू द्यावं का, हा पुढचा प्रश्न. माझ्या मते द्यावं, पण ठरवून. आम्ही तीन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. दर दोन तासांनी कारंजापाशी भेटायचं. मोबाईल बंद पडला तरी चालेल म्हणून दोघांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचे. आणि रांगेत कुणी अंगचटीला आलं तर गप्प न बसता मोठ्यानं बोलायचं आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे जायचं. हे शेवटचं सांगताना आवाज खाली करू नका. आपण कुजबुजून सांगितलं, की त्यात आपलीच काही लाज आहे असं मुली समजतात. मैत्रिणीला बरोबर न्यायचं असेल तर तिच्या आईशी पैशांचं आधीच स्पष्ट बोलून घ्या, म्हणजे मागाहून मनं दुखावत नाहीत.

दिवसाची आखणी अशी ठेवा. दार उघडण्याच्या वेळेला हजर राहा आणि ज्याला सर्वांत लांब रांग लागते तो खेळ आधी गाठा. दुपारी उन्हात पडद्यावरचे, बंद दालनातले खेळ पाहा. बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत. तेव्हा धपाटे, दशम्या, लसणीची चटणी गाडीत संपवा आणि आतल्या खाण्यासाठी माणशी ठराविक रक्कम वहीत धरा. पायात मागं पट्टा असलेल्या चपला किंवा बूट हवेत, नवे कोरे नकोत. दागिने घरी. मोबाईल, चष्मा, किल्ल्या मोठ्या पाळण्यात बसताना लॉकरमध्ये.

सासूबाईंचं काय, असं कुणी विचारील. त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवण्यासाठी नेऊ नका. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीपासून अगदी जवळ आहे. (रायगड जिल्ह्यातलं ते चवदार तळ्याचं महाड, हे महड. नावात गल्लत करू नका.) तिथला नंदादीप 1892 पासून अखंड तेवतो असं सांगतात. पालीचा बल्लाळेश्वरही त्याच रस्त्यानं पुढे. दुसऱ्या दिवशी दोन्ही दर्शनं होतात. आमच्या लेकीनं पाहणी करून हा दुसरा दिवस आजीसाठी म्हणून आपणहून आखला, आणि मग आजीनं पहिल्या दिवसाबद्दल एक शब्दही कुरकुर केली नाही.

शेवटची गोष्ट तुमच्याबद्दल. उद्यानात जाऊन पाहा, प्रत्येक पाळण्याखाली कठड्याला टेकून एक बाई उभी असते. चार पिशव्या, तीन चष्मे, दोन पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांचे मोबाईल घेऊन. तिचंही तिकीट पूर्णच काढलेलं असतं! लॉकरला थोडे पैसे पडतात म्हणून आपण फुकटातला लॉकर व्हायचं का? वहीत लॉकरचे पैसे पहिल्याच पानावर लिहा. तब्येत ठीक असेल तर एका तरी मोठ्या खेळात लेकीच्या शेजारी बसा. उलटंपालटं नको वाटलं तर भारताची आकाशातून सफर घडवणारा खेळ आहे, तो घ्या. मी नायट्रोत बसले. तोंडातून पदर सुटल्यासारखी किंकाळी निघाली आणि लेकीनं माझा हात घट्ट धरला. परतीच्या वाटेवर घाट चढताना ती माझ्याशी शाळेतल्या मैत्रिणींबद्दल बोलत राहिली. एरवी विचारलं तर "काही नाही" हे उत्तर ठरलेलं. नववीनंतर दहावी, मग क्लास, कॉलेज, परगाव. अशा सहली तिच्या-आपल्या वाट्याला मोजून तीन-चार येतात.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझं सांगणं एवढंच, की आज रात्री जेवणं झाली की भिशीचे पैसे आणि एक कोरी वही लेकीच्या पुढ्यात ठेवा. आणि जाऊन आलात की कसं झालं ते जरूर कळवा. पुढच्या अंकात हिवाळ्यातल्या गोधड्या आणि लोकरीचे कपडे यांची निगा पाहू.