विश्लेषण : घरची चटणी पाकिटात, मग माडगं चुलीपाशीच का?

एप्रिल-मे महिन्यात सातारा, सांगलीत मिरची कांडपाच्या गिरण्यांपुढे डब्यांची रांग लागते. कांदा-लसणाची चटणी वर्षभराची एकदमच होते. पूर्वी ती मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेल्या माणसाच्या ट्रंकेतून जायची, आता बचत गटाच्या पाकिटातून जाते. घरचे पदार्थ विकले की परंपरा टिकते, असे प्रत्येक प्रदर्शनात ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

विकले काय जाते?

जे टिकते ते. चटणी, सांडगे, कुरडया, शेवया महिनोन्‌महिने राहतात. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे मात्र चुलीवरून थेट ताटात हवेत. मुंबईतल्या महालक्ष्मी सरस किंवा माणदेशी महोत्सवात गरम भाकरी-ठेचा मिळतो, पण वर्षातले मोजकेच दिवस.

नियमांनी काय बदलते?

अन्नसुरक्षा कायदा २००६चा. त्याखालील २०११च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यवसायाला साधी नोंदणी पुरेशी ठरवली, तेव्हा शुल्क वर्षाला १०० रुपये होते. पाकिटावर घटक, वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक हवा. ग्राहकासाठी हे योग्यच. पण ‘अंदाजाने’ होणारी चटणी आता मापात बसवावी लागते. गटातल्या दहा बायकांच्या दहा चटण्या असतात, पाकिटात एकच जाते. उरलेल्या नऊ चवी कुठेच लिहिलेल्या नसतात.

सरकारी मदत कशासाठी?

२०२०मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरवले गेले. बचत गटातील सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. त्यातून यंत्र येते, खेळते भांडवल मिळते. म्हातारीकडची कृती टिपून ठेवायला कुणी अनुदान देत नाही.

मग माडग्याचे काय?

वाट आहे. हुलगा भाजून दळलेले पीठ टिकते. ते कृतीसह विकता येते. गुठळी न होऊ देता ढवळण्याचे कसब तेवढे घेणाऱ्याने शिकायचे. त्याला गिऱ्हाईक मिळाले, तर हलक्या जमिनीत थोड्या पावसावर येणारा हुलगा पेरायलाही कारण उरेल.

खरी अडचण दराची आहे. मिरची, खोबरे, तीळ, कांडप यांचे पैसे हिशेबात येतात. कांदा वाळवण्याची, मसाला भाजण्याची मजुरी अनेकदा धरलीच जात नाही, कारण ती घरच्याच बाईची. त्याच घरातली शिकलेली लेक हे काम पुढे चालवायचे की नाही, हे तो हिशेब पाहूनच ठरवणार.