डागडुजी की पुनर्विकास?

आमच्या विक्रोळीच्या कन्नमवारनगरात दोन माणसे भेटली, की बोलणे पावसापाण्यावरून सुरू होवो की मुलांच्या परीक्षांवरून, शेवटी ते पुनर्विकासावर येऊन थांबते. कुणाची इमारत पडली, कुणाची उभी राहिली, कुणाच्या सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या, याची खबरबात भाजीच्या पिशवीबरोबर घरोघर पोहोचते. प्रत्येक सभेत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, गच्चीवर डांबर टाका, खांबांना प्लास्टर करा, अजून पंधरा वर्षे काढू. दुसरा म्हणतो, आता यात पैसे घालणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. पाडा आणि नवे बांधा. दोघांचेही काही चुकत नाही. चूक होते ती एकाच ठिकाणी. इमारतीचा खरा दोष कुठे आहे हे पाहण्याआधीच हात वर होतात.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर हीच सभा आमच्या घरात भरली. विषय होता घरातला संगणक. २०१७ साली मुलगी सातवीत असताना तिच्या शाळेच्या प्रकल्पांसाठी म्हणून तो जोडून घेतला होता. २०२० च्या टाळेबंदीत तिची शाळा, माझे कार्यालय आणि हिचा सोसायटीचा जमाखर्च या तिघांचा भार त्याने एकट्याने वाहिला. मुलगी आता कलाशिक्षण घेते आहे आणि त्रिमितीय चित्रे, हलती पात्रे असले काहीतरी त्यावर करते. ‘करते’ म्हणण्यापेक्षा ‘करीत बसते’ म्हणायला हवे. एक चौकट तयार व्हायला इतका वेळ लागे, की मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन जात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार थांबला आणि विंडोज ११ ने आमचे यंत्र जुने म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे केले.

ओळखीच्या एका दुकानदाराला विचारले. त्याने खोके न उघडताच निदान केले, ‘‘साहेब, यात आता राम राहिला नाही. नवीन घेऊन टाका.’’

मुलगी घरी आल्यावर म्हणाली, ‘‘बाबा, राम आहे. रॅम नाही, एवढंच. आणि ग्राफिक्स कार्ड तर कधी नव्हतंच. तुम्ही मला एक रविवार द्या.’’

तो रविवार मी दिला. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही. आपण मध्यमवर्गीयांनी घरातली वस्तू उघडून पाहायचे सोडून दिले आहे आणि हे सोडणे आपल्याला पैशात आणि शहाणपणात दोन्हीकडून महाग पडते आहे.

ओटा, माळा आणि स्वयंपाकीण

संगणक म्हटले की आमच्या पिढीच्या अंगावर अजून काटा येतो. पण आपल्या छोट्या स्वयंपाकघरावरून तो सहज कळतो. डिस्क म्हणजे माळा. वर्षाचे सामान तिथे असते. मेमरी, म्हणजेच रॅम, हा ओटा. आणि प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकीण. ओटा हातभर असेल तर कितीही सुगरण बाई असो, तिला कणकेची परात खाली ठेवून विळी वर घ्यावी लागते, पुन्हा विळी खाली आणि परात वर. दिवसभर उचलठेव चालते आणि आपण म्हणतो, बाई फार संथ आहे. आमच्या यंत्राचा ओटा ४ जीबीचा होता. संगणकाच्या पडद्यावरच कुठला भाग किती भरला हे दाखवणारी सोय असते. ती मुलीने उघडून दाखवली तेव्हा नुसते दोन कार्यक्रम उघडे असताना ओटा काठोकाठ भरलेला होता आणि माळ्याच्या शिडीवर सारखी वर्दळ चालू होती.

ओटा लहान का पडला, याचेही गणित गमतीचे आहे. १९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हा त्याला किमान ४ एमबी मेमरी पुरे म्हणत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. म्हणजे २६ वर्षांत किमान गरज एक हजार चोवीस पट झाली. आणि किमान म्हणजे नुसते उभे राहण्यापुरती जागा. पोळ्या लाटायच्या तर आणखी हवीच.

ग्राफिक्स कार्डाचे काम वेगळे. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ते सेकंदाला साठ वेळा रंगवायचे, तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके झाले. काम अवघड नाही, पण अफाट आहे. लग्नघरात हजार पुऱ्या लाटायला एक निष्णात आचारी उपयोगाचा नसतो. तिथे वाड्यातल्या पन्नास बायका पोळपाट घेऊन बसाव्या लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्या बायका, एकाच वेळी तेच साधे काम करणाऱ्या. ज्या यंत्रात वेगळे कार्ड नसते तिथे हे काम मुख्य चिपमधलाच एक छोटा भाग करतो आणि त्यासाठी जागा ओट्यावरचीच घेतो. म्हणजे आधीच लहान ओटा आणखी लहान.

पुष्कळ हातांनी एकदम काम करण्याची ही युक्ती मराठी माणसाला नवी नाही. अमेरिकेने प्रगत महासंगणक द्यायला हात आखडता घेतल्यावर पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तो असेच अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून. आज तशीच जुंपणी तळहाताएवढ्या चिपमध्ये बसून आपल्या टेबलाखाली येते.

खोडरबराची करामत

रविवारी सकाळी आम्ही मध्य रेल्वेने दादर आणि तिथून गाडी बदलून ग्रँट रोड गाठले. लॅमिंग्टन रोडला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण संगणकाचे सुटे भाग घेणारा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथे जायच्या आधी मुलीने तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या होत्या. पहिली, आपल्या मदरबोर्डावर कुठल्या पिढीची मेमरी बसते. डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही. तिची खाच वेगळ्या जागी असते आणि जोर केला तर नुकसान आपलेच. दुसरी, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची ताकद. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून निराळी वायर लागते, आणि स्वस्त एसएमपीएसवर छापलेल्या आकड्यावर फार विसंबू नये. तिसरी, कॅबिनेटच्या आत कार्डाला जागा किती. ती तिने शिवणकामाच्या टेपने मोजली. हे टिपण नसते तर समोरच्याने दाखवले ते भव्य, तीन पंख्यांचे कार्ड आम्ही घेतले असते आणि ते मिरवायलाच राहिले असते. आम्ही ८ जीबीची एक पट्टी आणि ७५ वॅटच्या आत भागणारे एक साधे कार्ड घेतले.

घरी येऊन वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि पट्टी दाबून बसवली. बटण दाबले. पडदा काळा, आणि आतून टीं-टीं-टीं असा आक्रोश. हिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत ‘दुकानदार काय वाईट सांगत होता?’ हा प्रश्न स्पष्ट होता.

मुलीने जुनी पट्टी काढली, कंपासपेटीतून खोडरबर घेतले आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर हळूच फिरवले. खोडरबर काळे झाले. खाडीकाठची खारट, दमट हवा आठ वर्षे त्या दातांवर बसली होती. ब्रशने स्लॉट झाडला, दोन्ही पट्ट्या कट् आवाज येईपर्यंत दाबल्या. यंत्र सुरू झाले. विंडोजच्या जोडीला तिने लिनक्स टाकले. तिचा चित्रांचा कार्यक्रम त्यावर चालतो आणि हिचा जमाखर्चही मराठीत बिनबोभाट होतो. रात्रभर चालणारे चित्राचे काम आता संध्याकाळी लावले तर जेवणाची पाने घेईपर्यंत होते.

यावर शेजारच्या एका गृहस्थांचा आक्षेप असा, की ही कार्डे मुलांना खेळांसाठीच हवी असतात. हवी असतात, हे खरेच. १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आले ते खेळांसाठीच. पण आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो गाजावाजा आहे त्याचे ओझे वाहते आहे ते याच जातीचे यंत्र. खेळाच्या वेळेला मर्यादा जरूर घालावी. पण मूल स्वतः आकडे काढून, मोजमाप करून कार्ड मागत असेल, तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्याचा कागद पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. प्रत्येक जुने यंत्र वाचवण्याच्या लायकीचे नसते. डीडीआर २ च्या काळातल्या यंत्रात पैसे घालणे म्हणजे मोडकळीला आलेल्या चाळीला रंग देणे. माझा हिशेब साधा आहे. नेमके काय अपुरे पडते आहे, नवा भाग त्यात बसतो का, आणि सगळा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या आत राहतो का? तिन्ही उत्तरे जमली तर डागडुजी; एखादे चुकले तर खुशाल पुनर्विकास. जुन्या बाजारात कार्ड घेताना आणखी एक काळजी घ्यावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या ‘खाणीत’ अहोरात्र राबलेली कार्डे विक्रीला आली. अशा कार्डाचे आयुष्य किती उरले हे डब्यावर लिहिलेले नसते.

खाडीपलीकडचे गिऱ्हाईक

आमची खरेदी झाल्यावर दोन महिन्यांनी इमारतीतल्या एका मुलाने तीच पट्टी विचारली, तर भाव दुपटीपलीकडे गेला होता. लॅमिंग्टन रोडवरचा भाव लॅमिंग्टन रोडवर ठरत नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला आणि मेमरी महागली. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्क महागल्या. या वेळी मात्र ना भूकंप होता ना पूर. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांकडून इतकी मागणी आली, की कारखान्यांचा ओढा तिकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीची आपली ‘क्रुशल’ ही मालिकाच बंद करीत असल्याचे जाहीर केले. आमच्या विक्रोळीच्या खाडीपलीकडे, ऐरोली-रबाळे पट्ट्यात, मोठमोठी डेटा केंद्रे उभी आहेत. एका पट्टीसाठी दुकानात उभ्या असलेल्या पोराच्या रांगेत असली अजस्र गिऱ्हाइके येऊन उभी राहिली, तर पोराचा नंबर कधी लागणार?

अशा वेळी घरातले चालते यंत्र टिकवणे ही कंजुषी नव्हे. आणि टाकून दिलेला संगणक कुठे जातो? भंगारवाल्याच्या हातगाडीवरून तो पुष्कळदा अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण सर्वांत चांगला ई-कचरा म्हणजे जो झालाच नाही तो.

मला खरी चिंता आहे ती उघडताच न येणाऱ्या यंत्रांची. आजच्या कित्येक सडपातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डावर झाळूनच टाकलेली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विषय हाती घेतला. तो पुढे न्यायचा असेल तर खोक्यावर ठळक अक्षरांत एवढे तरी लिहिले पाहिजे, की यातली मेमरी वाढवता येते की नाही. विजेच्या बचतीचे तारे फ्रिजवर छापले जातात, मग हे का नाही?

विक्रोळीत राहणाऱ्याला हे सांगण्याचा अधिकार थोडा जास्त आहे असे मला वाटते. ज्या गोदरेजच्या नावाने हे उपनगर ओळखले जाते, त्यांनी १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ पर्यंत बनवला. माझे वडील कचेऱ्यांतून टाइपरायटर दुरुस्त करीत फिरायचे. त्यांच्या पिशवीत तेलाची कुपी, ब्रश आणि पाने असत. यंत्र बिघडले की आधी झाकण उघडायचे आणि मग बोलायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. मधली एक पिढी, म्हणजे मी, तो शिरस्ता विसरलो. नातीने तो आजोबांना न विचारताच उचलला.

आज रविवार आहे. टेबलाखालच्या खोक्याची वायर काढा, मुलांना बोलवा, एक ब्रश आणि एक खोडरबर घ्या. काही विकत आणायची घाई नको. आत काय आहे आणि काय कमी आहे, ते आधी एकत्र बसून पाहा.