गृहारोग्य : गोळीचाही हिशेब असावा

हिवाळा आला की सर्दी घरात शिरते, आणि एकत्र कुटुंबात ती एकट्यास गाठून थांबत नाही. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावी अशा वेळी दुकानातील गोळीच प्रथम हाती येते. त्यात गैर काही नाही. गोळीने ताप व अंगदुखी उतरते, सर्दी मात्र आपल्या क्रमानेच जाते, एवढे ध्यानी असावे.

खरे भय निराळेच आहे. सकाळी आजी तापाची गोळी देतात, दुपारी काकू सर्दीची देतात. माया दोघींचीही खरी. परंतु क्रोसिन, डोलो ही नावे निराळी असली तरी आतील द्रव्य पॅरासिटामॉल हेच, आणि सर्दीच्या पुष्कळ मिश्र गोळ्यांतही तेच असते. प्रौढास चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही अखेरची मर्यादा होय. ती ओलांडल्यास यकृतास इजा पोहोचते. यकृतविकार अथवा मद्याचे व्यसन असणाऱ्यांनी तितकीही घेऊ नये. दोन मात्रांत निदान चार तास जाऊ द्यावेत. मुलांची मात्रा वजनावरून डॉक्टरांनी ठरवावी. त्यांस ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालील मुलांस देण्यास सरकारने २०११ सालीच मनाई केली आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की औषध देण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे. तिने वेष्टनावरील द्रव्याचे नाव वाचावे, आणि ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब मांडतो, तिच्यावरच गोळीची वेळ टिपावी. तीन दिवसांत ताप न हटल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.