तेवीस जणांचा एक घोडा

मराठी घरात 'रेस' हा शब्द अजूनही जरा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. पगाराचं पाकीट घेऊन महालक्ष्मीला गेलेला आणि रिकाम्या खिशानं परतलेला एखादा काका किंवा मामा अनेक घराण्यांच्या आठवणीत असतो. त्यामुळे 'घोड्यावर पैसे लावले' असं कुणी म्हटलं, की घरातल्या बाईच्या काळजात धस्स होतं. पण घोड्यात पैसे घालायचे दोन मार्ग आहेत. एक खिडकीवर तिकीट काढायचा. दुसरा, चारचौघांत मिळून घोडाच विकत घ्यायचा. या दुसऱ्या मार्गाला सिंडिकेट म्हणतात. आपल्या भिशीसारखी वर्गणी असते, फक्त भिशीत आपला नंबर कधी ना कधी लागतोच. इथे तो लागेलच असं नाही.

या मार्गानं गेलेल्या एका गावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात केव्हन फॉरेस्ट नावाचं एक छोटं गाव आहे. हा सगळा मुलूख कोळशाच्या खाणींचा. १९८४-८५ सालचा खाणकामगारांचा मोठा संप फसला, एकेक खाण बंद पडत गेली आणि गावांची रया गेली. अशा गावात जॅन व्होक्स नावाची एक बाई राहत होती. दिवसा सुपरमार्केटमध्ये साफसफाई आणि रात्री कामगारांच्या क्लबात गिऱ्हाइकांना बिअर भरून देणं, हा तिचा दिनक्रम. शर्यतीच्या घोड्यांतलं तिला काही कळत नव्हतं. मात्र जनावरांची आवड उपजत. तिनं शर्यतीचे कुत्रे पाळले होते, पक्षी पाळले होते, प्रदर्शनांत बक्षिसंही मिळवली होती.

क्लबात येणाऱ्यांमध्ये हॉवर्ड डेव्हिस नावाचे एक कर सल्लागार होते. त्यांनी पूर्वी घोड्याच्या भागीदारीत पैसे घालून हात पोळून घेतले होते आणि पुन्हा या वाटेला जाणार नाही, असं बायकोला वचन दिलं होतं. एका रात्री त्यांच्या त्या जुन्या घोड्याच्या गप्पा जॅनबाईंच्या कानावर पडल्या. घोडा ही फक्त लॉर्ड लोकांचीच मिरासदारी का असावी, हा प्रश्न बाईंच्या डोक्यात शिरला तो निघेना.

नवरा ब्रायनच्या मदतीनं त्यांनी अवघ्या ३५० पौंडांत रुबेल नावाची एक घोडी विकत घेतली. शर्यतीत तिनं कधी नाव काढलेलं नव्हतं. बिएन बिएन या अमेरिकन घोड्यापासून २००१ साली तिला तांबूस रंगाचं शिंगरू झालं. जुन्या खाणीच्या राखाडी ढिगाऱ्यावरच्या, भाजीपाला लावायच्या तुकड्यावर ते वाढलं. त्याचं नाव ठेवलं 'ड्रीम अलायन्स'.

आता खर्चाचं काय? जॅनबाईंनी क्लबातल्या ओळखीच्या मंडळींना गाठलं. आठवड्याला दहा पौंड वर्गणी, म्हणजे त्या वेळच्या भावानं साधारण सातशे रुपये. तेवीस जण तयार झाले. हॉवर्डही आले. बायकोला दिलेल्या वचनाचं काय झालं, हे ज्याचं त्यानं ओळखावं!

या दहा पौंडांचा हिशेब मांडण्यासारखा आहे. माणशी वर्षाला ५२० पौंड, तेवीस जणांचे मिळून ११,९६०. एकट्या माणसाच्या घराला जी रक्कम बुडवील, ती तेवीस घरांत वाटली की आठवड्याच्या बिअरइतकी होते. सिंडिकेटची सारी गंमत एवढ्यातच आहे. आणि त्यातलं शहाणपणही एवढंच, की ही वर्गणी परत येईल या भरवशावर कुणी राहिलेलं नसावं.

कारण शर्यतीचा घोडा धावो न धावो, खातो मात्र रोज. प्रशिक्षकाची फी, मोतद्दाराचा पगार, नालबंद, पशुवैद्य, ने-आण, शर्यतीत नाव घालायचा खर्च, जॉकीची फी, हे सगळं जिंकण्याआधीचं. जिंकल्यावरही बक्षिसातला हिस्सा प्रशिक्षक आणि जॉकीला जातो. शिवाय शिंगरू जन्मल्यापासून मैदानात उतरेपर्यंत काही वर्षं नुसती वाट पाहण्यात जातात.

ड्रीम अलायन्स सॉमरसेटमधल्या फिलिप हॉब्ज या नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या पागेत दाखल झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये न्यूबरीला तो पहिल्यांदा धावला. लाखमोलाच्या घराण्यांतली घोडी बाजूला असताना हा ढिगाऱ्यावरचा गडी चौथा आला. मग हळूहळू विजय येऊ लागले, बक्षिसं जमू लागली.

आणि एप्रिल २००८ मध्ये घात झाला. एन्ट्रीच्या मैदानावर धावता धावता त्याच्याच मागच्या खुरानं पुढच्या पायाची शीर कापली गेली. शर्यतीच्या घोड्याला असली जखम म्हणजे कारकीर्द संपल्यातच जमा. अनेकदा अशा जनावराला मैदानावरच कायमचं झोपवतात.

इथे भागीदारीची खरी परीक्षा होती. घोडा तेवीस जणांचा आणि बक्षिसाची शिल्लकही तेवीस जणांची. पैसे वाटून घेतले असते, तर त्यांना दोष कुणी दिला असता? ही काही श्रीमंत माणसं नव्हती. प्रत्येकाच्या घरी त्या पैशाला दहा वाटा होत्या. पण समोर एक नवा इलाज होता. घोड्याच्याच शरीरातून मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुखावलेल्या शिरेत परत सोडायच्या. खर्च सुमारे वीस हजार पौंड. तो पुन्हा धावेल याची हमी कुणीच देत नव्हतं. मंडळींनी ठरवलं, की हे पैसे त्यानंच मिळवलेत, तेव्हा त्याच्यावरच खर्च व्हावेत.

त्यानंतर दीड वर्ष तो शर्यतीपासून दूर राहिला. डिसेंबर २००९ मध्ये चेपस्टोच्या मैदानावर वेल्श नॅशनल ही मोठी अडथळ्यांची शर्यत होती. साडेतीन मैलांहून लांब पल्ला. टॉम ओब्रायन हा जॉकी पाठीवर होता. ज्याचा पाय गेला असं सगळे म्हणत होते, तो ड्रीम अलायन्स पहिला आला!

गोष्ट इथेच थांबवली असती, तर ती नुसती परीकथा झाली असती. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. २०१० सालच्या ग्रँड नॅशनलमध्ये त्याला शर्यत अर्धवट सोडावी लागली. तो जुना जोम पुन्हा दिसला नाही आणि २०१२ साली तो निवृत्त झाला. त्यानं एकूण १ लाख ३८ हजार पौंडांवर कमाई केली. सगळे खर्च वजा जाता प्रत्येक भागीदाराच्या हाती शेवटी आले १,४३० पौंड. नुसती तीन वर्षांची वर्गणी धरली, तरी ती १,५६० पौंड होते! राष्ट्रीय पातळीची शर्यत मारणाऱ्या घोड्याचा हा हिशेब. जे घोडे एकही शर्यत जिंकत नाहीत, आणि असे घोडे पुष्कळ असतात, त्यांच्या मालकांचं काय होत असेल?

२०१५ साली या घोड्यावर 'डार्क हॉर्स' हा माहितीपट आला आणि २०२० साली 'ड्रीम हॉर्स' हा चित्रपट. दोन्ही पाहून अनेकांना घोड्याचा हिस्सा घ्यावासा वाटला असेल. आपल्याकडेही मुंबईचं महालक्ष्मी आणि पावसाळ्यातलं पुणं ही शर्यतीची जुनी ठिकाणं आहेत, आणि घोड्यांची भागीदारीही चालते. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं. पण कौशल्य घोड्याचं, जॉकीचं आणि प्रशिक्षकाचं. हिस्सेदाराला लागते ती सावधगिरी.

म्हणून हिस्सा घेण्याआधी काही गोष्टी कागदावर पाहून घ्याव्यात. घोड्याची मालकी खरोखर मिळते आहे, की ठरावीक मुदतीपुरता भाडेकरार आहे? सुरुवातीच्या रकमेनंतर दरमहा किती भरायचं, आणि एखाद्यानं भरणं थांबवलं तर त्याच्या हिश्श्याचं काय? विमा आहे का? जखम झाल्यास इलाजाचा खर्च कुणाच्या माथी? विकायचं की ठेवायचं हे एकटा व्यवस्थापक ठरवणार की सगळे मिळून? बाहेर पडायचं झालं तर वाट कोणती? भागीदारीची नोंद टर्फ क्लबात झालेली आहे ना? आणि घोडा निवृत्त झाल्यावर त्याची सोय कोण करणार? हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जनावर मात्र धावणं थांबल्यावरही अनेक वर्षं जगतं.

कुणी 'नक्की फायदा' असं सांगू लागला, तर चहा पिऊन उठावं. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, म्हातारपणासाठी साठवलेले किंवा उसनवारीचे पैसे या वाटेला नेऊ नयेत. सहलीवर किंवा नाटकावर खर्च केले असते आणि परत मागितले नसते, तेवढेच पैसे इथे शोभतात.

त्या तेवीस जणांनी हेच केलं. हाती १,४३० पौंड आले, आणि त्याशिवाय सोमवारी सकाळी कामावर जाताना बोलायला काहीतरी आलं. खाणी बंद पडलेल्या गावात त्याची किंमत कमी नव्हती. मात्र घरी येऊन आधी विचारावं, मगच वर्गणी भरावी. हॉवर्डसाहेबांचा घोडा जिंकला म्हणून त्यांचं निभावलं.