विश्लेषण : इमारत कोसळली, तर भरपाई कोणाकडून?

दर पावसाळ्याआधी भिवंडीत धोकादायक इमारतींची यादी निघते, नोटिसा चिकटवल्या जातात. पण परवडणारे दुसरे घर नसल्याने अनेक भाडेकरू तिथेच राहतात. इमारत कोसळली की सरकार मदत जाहीर करते. ही मदत म्हणजे कायद्यातील नुकसानभरपाई नव्हे. मग भरपाई कोणाकडे मागायची आणि इतर देशांत याबाबत काय नियम आहेत?

जिलानी इमारतीच्या दुर्घटनेत काय घडले?

२१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे, रहिवासी झोपेत असताना, भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील तीन मजली जिलानी इमारतीचा भाग कोसळला. सुमारे ४० जणांचा मृत्यू झाला. मालकावर गुन्हा दाखल झाला, तर मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत जनहित याचिका चालवली आणि महानगर प्रदेशातील इतर महापालिकांनाही जाब विचारला. त्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल आला. मात्र एप्रिल २०२३ मध्ये भिवंडीजवळ वळ गावात गोदामाची इमारत कोसळून आणखी आठ जणांचा बळी गेला.

मदत आणि भरपाई यांत फरक काय?

सरकारी मदत ‘सानुग्रह’ असते. ती देताना कोणाची चूक ठरवली जात नाही आणि रक्कम सर्वांना सारखी असते. नुकसानभरपाईत आधी जबाबदारी निश्चित होते. मग मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून रक्कम ठरते. तरुण यंत्रमाग कामगारामागे पत्नी आणि लहान मुले असतील, तर हा हिशेब पाच लाखांच्या बराच पुढे जाऊ शकतो. फौजदारी खटल्यात मालकाला शिक्षा झाली, तरी एवढी भरपाई आपोआप हाती पडत नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?

दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने झालेले नुकसान भरून मागण्याच्या कायद्याला ‘टॉर्ट’ किंवा अपकृत्य कायदा म्हणतात. तो आपल्याकडे इंग्रजांकडून आला आणि मुख्यतः न्यायालयांच्या निकालांतून घडला. १८८६ मध्ये फ्रेडरिक पोलॉक यांनी त्याचा मसुदा तयार केला होता, पण त्याचा कायदा झाला नाही.

तरीही कोसळलेल्या इमारतींबाबत एक महत्त्वाचा निकाल आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातील महापालिकेचा घंटाघर मनोरा कोसळून माणसे दगावली. मनोरा ८० वर्षे जुना होता, तर त्यात वापरलेल्या चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य ४०-४५ वर्षांचेच होते. दोष वरून दिसत नव्हता, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये फेटाळला. नीट देखभाल केलेला मनोरा सहसा कोसळत नाही. त्यामुळे तो कोसळणे हाच हलगर्जीपणाचा पुरावा मानला गेला.

इतर देशांत काय वेगळे?

युरोपातील अनेक देशांत हा नियम निकालांत शोधावा लागत नाही, तो थेट संहितेत लिहिलेला आहे. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेनुसार देखभालीअभावी किंवा बांधकामातील दोषामुळे इमारत कोसळली, तर मालक जबाबदार असतो. जर्मनीच्या संहितेत अशा वेळी इमारत ताब्यात असलेल्याची चूक गृहीत धरली जाते. पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचे. जपानमध्ये आधी ताबेदार जबाबदार असतो. त्याने योग्य काळजी घेतली असेल, तर दोषाची जबाबदारी मालकावर येते आणि ‘माझी चूक नव्हती’ असे म्हणून मालकाला सुटता येत नाही.

महापालिका जबाबदार नसते का?

घंटाघर महापालिकेच्या मालकीचे होते. खासगी इमारतीत प्रश्न अवघड होतो. धोकादायक बांधकाम रिकामे करण्याचे अधिकार महापालिकेला आहेत. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणीही कायद्याने बंधनकारक आहे. पण अधिकार वापरला नाही म्हणून भरपाई द्यावीच लागेल, असे नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत १९९७ मध्ये ५९ जण दगावले. त्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाचे मालक आणि वीज मंडळावर भरपाईचा भार टाकला, मात्र महापालिकेला त्यातून वगळले.

मग दावे का होत नाहीत?

मृत्यूबद्दलच्या भरपाईचा दावा १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात करता येतो. त्यासाठी मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत आहे. कोर्ट फी मागितलेल्या रकमेनुसार वाढते. भाडेपावत्या आणि ओळखपत्रे अनेकदा ढिगाऱ्याखाली गेलेली असतात, तर कामगाराची मजुरी कुठे नोंदलेलीही नसते. रस्ते अपघातासाठी स्वतंत्र दावा न्यायाधिकरण आहे. त्यामुळे ट्रकखाली सापडलेल्या कामगाराच्या कुटुंबाला जी सोपी वाट आहे, ती छताखाली गाडल्या गेलेल्याच्या कुटुंबाला नाही.

कुटुंबांनी काय करावे?

गुन्ह्याची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि कमाईचा मिळेल तो पुरावा जपून ठेवावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मोठ्या आपत्तीतील पीडित, औद्योगिक कामगार, महिला आणि मुले यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो आणि कोर्ट फीचा भारही उचलला जातो. सरकारी मदत घेतली म्हणून मालकाविरुद्ध दावा करण्याचा हक्क संपत नाही. मुदत उलटली, तर मात्र तो हातचा जाऊ शकतो.